आधी ती, मग तू

धरणगावच्या त्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्याने तोंड घरी ठेवून यावं. सरकी आणि कापूस वेगळा करणाऱ्या मशिनांचा असा धडाका चालतो की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला नुसता उघडा जबडा दिसतो. म्हणून तिथला सगळा कारभार हातांवर चालतो. मनगटावर दोन बोटं आपटली की ‘थांब’. तळहात आडवा फिरवला की ‘काही नाही, चालू दे’. आणि समोरच्याने खूण केली की आपण मूठ वर करायची, म्हणजे ‘पोचलं’. मूठ दिसल्याशिवाय गठाणी दाबायच्या प्रेसचं बटण कुणी दाबत नाही. मागे एकदा कुणीतरी आळसाने न बघताच ‘चालू दे’ केलं आणि पुना नावाच्या कामगाराची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. तेव्हापासून तिथली माणसं एक वेळ देवाची शपथ खोटी घेतील, पण खोटी खूण करणार नाहीत.

गिरधर याच जिनिंगमध्ये फिटर. त्याला पहिली मुलगी झाली, कामिनी. पोरीला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा घरात रडारड झाली, नवस झाले, अंगारे झाले. सल्ले द्यायला तर सगळी गल्ली होतीच, आपल्याकडे सल्ल्याला तोटा नसतो. पण पोरीशी बोलायला सुरुवात केली ती एकट्या गिरधरने. त्याला नवीन काही शिकावंच लागलं नाही. जिनिंगमधल्या खुणा तो संध्याकाळी घरी घेऊन येई. भुवयांवर कापसाचे तंतू तसेच असत आणि समोर बसून तो हातांनी दिवसभराची हकिकत सांगे. पुनाकाकाची दोन बोटं कशी गेली ती गोष्ट कामिनीने इतक्या वेळा पाहिली होती की ती तिला स्वतःची आठवण वाटे. आई दिपमाला मात्र ओठ ताणून ताणून पोरीवर ओरडत राहिली. तिच्या मायेत खोट नव्हती. हात कामातून मोकळे झाले तर बोलतील ना!

पुढे कामिनी धुळ्याला मूकबधिर मुलांच्या शाळेत गेली, वसतिगृहात राहिली. तिथे खरी खुणांची भाषा मिळाली, रूही नावाची जिवलग मैत्रीण मिळाली आणि ओठ वाचायचं शिक्षणही मिळालं. पण ते ओठ पुस्तकातल्या मराठीचे. ‘आहे’ म्हणणारे ओठ तिला दुरून ओळखू येत. सुट्टीत घरी यावं तर सगळं घर अहिराणी, ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारं! मास्तरांनी शिकवलेली विद्या घराच्या उंबरठ्यावरच मान टाकी. आपापसात बोलणाऱ्या घरच्यांकडे ती बघत बसे. सगळे हसले की तीही हसे. ‘काय झालं?’ असं विचारलं की कुणीतरी तळहात आडवा फिरवी. काही नाही.

भिंतीलाही कान असतात म्हणून लोक हळू बोलतात. या घरात कामिनीसमोर हळू बोलायची गरज कधी कुणाला वाटली नाही. तिच्या देखत तिचा रंग, तिचं लग्न, तिचं पुढे कसं व्हायचं, सगळं मोकळ्या गळ्याने चाले. आणि ती मात्र समोर बसून भाजी निवडत असे.

मग खूप वर्षांनी मयुरी झाली. तीही तशीच. दिपमालाने अंथरूण धरलं. कामिनीला मात्र त्या दिवशी जो आनंद झाला तो तिने कुणाला दाखवला नाही. चोरून खाल्लेल्या गुळासारखा तो जिभेखाली ठेवला. आता या घरात आपलं एक माणूस आलं! मयुरीला तिने हातांनीच बोलायला शिकवलं. जिनिंगच्या खुणा, शाळेच्या खुणा आणि दोघींच्या स्वतःच्या, ज्या तिसऱ्या कुणाला कळत नसत. मयुरी बोलता बोलता झोपी जाई तेव्हाही तिची बोटं हलत. आणि कामिनीने काही सांगितलं की मयुरीची इवलीशी मूठ वर जाई. पोचलं.

मयुरी पाच वर्षांची झाली आणि गिरधरला जळगावच्या एका कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नव्या उपचाराचा प्रयोग चालला होता. बाईंनी दोघी बहिणींचं रक्त तपासायला पाठवलं होतं. दोघींत एकच दोष निघाला. एका जीनमध्ये चूक होती, त्यामुळे कान आवाज पकडायचा पण पुढे मेंदूकडे धाडायचाच नाही.

त्या दिवशी चौघंही जळगावला गेली. बाईंच्या तोंडावर मास्क होता. बाई खूप वेळ बोलल्या. कामिनीला दिसले ते फक्त डोळे आणि मास्कच्या कापडाची थरथर. बोलणं झालं की गिरधर तिच्याकडे वळे आणि हातांनी सांगे. त्याने फार सुंदर सांगितलं. सरकी बघितलीस ना? बी आत असतं, भोवती कापूस. तसंच हे. जीनची बरोबर प्रत म्हणजे बी. तिच्याभोवती चरबीचा इतका बारीक कण की दिसायचाही नाही. नॅनोपार्टिकल म्हणतात. असे असंख्य कण कानात अगदी आत सोडायचे. पेशीत गेले की कापूस गळून पडतो आणि बी कामाला लागतं.

कामिनीने स्वतःकडे बोट दाखवून विचारलं, आणि मी?

गिरधर बाईंशी बोलला. बाई बराच वेळ काही सांगत राहिल्या. मग गिरधरने आधी मयुरीकडे बोट दाखवलं, मग कामिनीकडे. आधी ती, मग तू.

बाईंनी डोळ्यांनीच विचारलं, कळलं ना? कामिनीने मूठ वर केली.

खरं सांगायचं तर कामिनीला ऐकायची काही तहान लागलेली नव्हती. जे कधी चाखलंच नाही त्याची भूक कुठून लागणार? तिला धुळ्याला शिवणकामाच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. वसतिगृह तेच, रूही तिथेच, सगळ्या हातांनी बोलणाऱ्या पोरी. पिशवी भरून तयार होती. पण मयुरी एकटी पलीकडे जाणार आणि आपण अलीकडे राहणार, हा विचार आला की ती भरलेली पिशवी पुन्हा रिकामी करायची. दोघी जाणार असतील तर गोष्ट वेगळी. ‘मग तू’ या दोन खुणांवर तिने धुळ्याचं पाऊल मागे घेतलं. व्हिडिओ कॉलवर रूहीने कपाळाला हात लावला. तू येडी आहेस, असं म्हणाली. असेन, असं कामिनीने उत्तर दिलं.

आणि कामिनीवाचून ते झालंही नसतं. मयुरी कुणाला अंगाला हात लावू देत नसे. डोक्याला वायरी चिकटवून कानाची ती बेरा तपासणी करायची तर कामिनीच्या मांडीवर. मुंबईला ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना बघून पोरगी पलंगाखाली शिरली. कामिनीच आत शिरून तिला सरकीची गोष्ट सांगत बसली. नाना, म्हणजे गिरधर, बाहेरच्या बाकावर, आई मंदिरात. त्या सगळ्या महिन्यांत कामिनी घरची थोरली मुलगी होती, नर्स होती, दुभाषी होती. शुद्धीवर आल्यावर मयुरीने डोळे उघडून पहिलं काय विचारलं असेल? तुझं कधी? कामिनीने सांगितलं, तुझ्यानंतर. मयुरीने मूठ वर केली.

औषध लागू पडलं. आधी काहीच नाही, आणि मग एका सकाळी कुकरच्या शिट्टीला मयुरी दचकून उठली. दिपमाला तिथेच फतकल मारून रडायला लागली. गिरधरने तो कुकर पुन्हा पुन्हा लावला, आत शिजवायला काही नव्हतं तरी.

मग दोघींचा एक खेळ सुरू झाला. मयुरी कान होती आणि कामिनी तिचं गिऱ्हाईक. पोरगी धावत यायची आणि हातांनी सांगायची. कावळा खरखरीत आहे. दुधवाल्याची गाडी पोटात बोलते. आई झोपेत शिट्टी वाजवते! कामिनी पोट धरून हसायची. आपल्याला ऐकू आलं की पहिलं काय ऐकायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं. मयुरीचा आवाज. कसा आहे तो, असं तिने एकदा मयुरीलाच विचारलं होतं. मयुरीने खूप विचार केला आणि सांगितलं, माझ्यासारखाच आहे.

जळगावला बोलायला शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं की घरच्या भाषेत पोरीशी भरपूर बोला. घर काय, बोलायला टपलेलंच होतं. हळूहळू मयुरीच्या तोंडात शब्द आले, शाळेत मैत्रिणी झाल्या. मैत्रिणी घरी आल्या की ती हात मागे बांधून ठेवायची. कामिनीच्या ते लक्षात आलं. पण आपली पाळी येतेच आहे, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली. नाना, कधी? असं ती अधूनमधून विचारायची. गिरधर हात हलवायचा. पुढे. आणि लगेच काहीतरी काम काढून उठायचा.

मयुरीचा नवस फेडायला पद्मालयाच्या गणपतीला जायचं ठरलं तेव्हा धुळ्याहून झुंबरबाई आली, गिरधरची मोठी बहीण. आदल्या दिवशी दुपारी भरताचा घाट होता. काड्यांवर भाजलेली वांगी, कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. कामिनी ओट्यावर बसून लाकडी बडगीत वांगी ठेचत होती. मयुरी तिला खेटून पातीचे तुकडे चघळत होती. चुलीपाशी नणंद-भावजयींचं चाललं होतं. कामिनीला ते बोलणं ऐकू गेलं नाही. आपल्याला कान आहेत म्हणून आपण ऐकून घेऊ.

“का वं दिपा, आते मोठीना नंबर लागी ना?” झुंबरबाईने विचारलं.

“तिना कसाना नंबर, अक्का!” दिपमाला भाकरी थापता थापता म्हणाली. “डॉक्टरीनबाईनी पहिल्याच दिनले सांगी दिधं व्हतं. मोठी पोरले काही उपेग नही. लहानपनमाच करनं पडस.”

“मंग तिले सांगं का नही?”

“सांगं असतं ते ती धुये निंघी जाती. हाई पोर तिना बिगर कोनाजोडे ऱ्हास नही. मंग मुंबईले हिनासंगे कोन जातं?”

एवढंच. कुणी आवाज खाली आणला नाही, कुणी दाराकडे बघितलं नाही. इतक्या वर्षांची सवय. नवस फेडायला निघाले होते घरात दोन नवे कान आले म्हणून, आणि ते कान भाकरीच्या परातीपासून दोन हातांवर बसलेत याचाच त्यांना विसर पडला!

मयुरीने पात खाली ठेवली आणि खेळातल्यासारखे हात उचलले. आत्या विचारते, ताई, औषध, कधी. आई सांगते, ताई, औषध, नाही. डॉक्टर बोलली, ताई मोठी, नाही.

कामिनीच्या हातातलं मुसळ थांबलं. कधी बोलली डॉक्टर?

मयुरीला ते माहीत नव्हतं. पण विचारायला आता तिच्याकडे तोंड होतं. ती वळली आणि कामिनीला फक्त तिची हनुवटी हलताना दिसली.

“आई, डॉक्टरबाई... ताईले... नही? कधी सांगं?”

दिपमालाच्या हातातली भाकरी तव्याच्या कडेवरून निखाऱ्यात पडली. झुंबरबाईने तोंडावर पदर घेतला. आणि मग दोघींनी एकदम कामिनीकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं. आता ओठ वाचायची काही गरज उरली नव्हती.

दिपमाला पिठाचे हात घेऊन उठली, काही बोलायला लागली, आणि तिने तोच तळहात आडवा फिरवला. काही नाही, काही नाही.

कामिनी ओट्यावरून उतरली आणि अंगणातल्या दगडावर जाऊन बसली. तिला आईचा राग आला नाही. आईशी तिचं बोलणं कधी झालंच नव्हतं, तर ती खोटं काय बोलणार? पण नाना! तोंडाची माणसं खोटं बोलतात हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. बोलताना त्यांचे डोळे एकीकडे आणि ओठ एकीकडे, ती रोज बघत होती. हात मात्र खोटं बोलत नाहीत, असं तिने धरून ठेवलं होतं. कुणी शिकवलं होतं तिला? पुनाकाकाच्या बोटांची गोष्ट कुणी सांगितली होती?

गिरधर संध्याकाळी आला. भुवयांवर कापूस होता. तिला दगडावर बघून त्याने नेहमीप्रमाणे ‘जेवलीस?’ असं विचारलं. कामिनीने मास्कची खूण केली, नाक-तोंड झाकलेली बाई. त्या दिवशी ती काय म्हणाली?

गिरधरने दाराकडे बघितलं. दारात दिपमाला डोळे पुसत उभी होती. त्याचा तळहात आडवा व्हायला लागला तेवढ्यात कामिनीने त्याचं मनगट धरलं आणि त्यावर दोन बोटं आपटली. थांब.

मग त्याने सांगितलं. हात जड झाले होते, खुणा अर्ध्यावर तुटत होत्या. लहान मुलांनाच देतात. मेंदू कोवळा लागतो. तुझं वय निघून गेलं होतं. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मी तुला वेगळं सांगितलं.

का?

तू धुळ्याला गेली असतीस. मग मयुरीचं काही झालं नसतं.

कामिनीला ओरडावंसं वाटलं आणि ती ओरडलीही असेल, कारण शेजारच्या ओसरीवरची बाई उठून उभी राहिली. मग तिने हातांनी, एकेक खूण सुटी करून सांगितलं. मला विचारलं असतंत तर मी थांबले असते. मयुरीसाठी मी थांबले असते. नुसतं विचारायचं होतं.

गिरधरने छातीवर हात ठेवला, चुकलो, आणि तो वाट बघत राहिला. जिनिंगमध्ये प्रेसपाशी उभा राहून मुठीची वाट बघतात तशी.

कामिनीने मूठ वर केली नाही.

पद्मालयाला ती गेली नाही. ते सगळे तिकडे गेले तेव्हा तिने पिशवी काढली. रूहीला कॉल लावला. रूही काही न विचारण्याइतकी शहाणी होती. तिने फक्त सांगितलं की नवीन बॅच आठवड्याने सुरू होतेय आणि तुझी खाट खिडकीजवळची. मयुरी संध्याकाळी प्रसाद घेऊन आली, पिशवी बघितली आणि कामिनीच्या पाठीला चिकटून बसली. मी चुकले का, असं तिने पाठीवरच बोटाने विचारलं. ही दोघींची जुनी खूण होती, अंधारात बोलायची. कामिनीने मागे हात नेऊन तिच्या तळव्यावर सांगितलं, नाही. तू एकटीच खरं बोललीस.

धरणगावच्या स्टँडवर सकाळी सगळेच सोडायला आले. गिरधरने पिशवी गाडीत वर ठेवली, सीटवर रुमाल टाकला आणि खाली जाऊन खांबाशी उभा राहिला. झुंबरबाई परस्पर एरंडोलला लेकीकडे गेली होती. कामिनी खिडकीशी बसली. खाली मयुरी मान वर करून उभी, शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या. तिच्यामागे दिपमाला.

दिपमालाने डोळ्यांना पदर लावला आणि गिरधरकडे वळून ती काहीतरी बोलली. बरंच बोलली. एकदा तिने गाडीकडे हात केला, एकदा कपाळाला लावला. काय ते कामिनीला कळलं नाही, म्हणून आपणही या वेळी ते सोडून देऊ. पण मयुरीने ते ऐकलं. कामिनीने तिचा चेहरा उतरताना बघितला. खालचा ओठ दातांखाली गेला, डोळे आईकडे गेले, बापाकडे गेले आणि मग खाली जमिनीकडे.

कामिनीने खिडकीतून हात काढून विचारलं, काय म्हणाली?

मयुरीने वर बघितलं. तिचे हात निघाले. ‘आई’ची खूण अर्धी झालीसुद्धा. मग हात हवेतच थांबले. आणि तिने तळहात आडवा फिरवला.

काही नाही.

अगदी सफाईने फिरवला. गिरधर फिरवतो तसा, दिपमाला फिरवते तसा, या घरात ज्यांना ज्यांना ऐकू येतं ते सगळे फिरवतात तसा. नानाने फसवलं हे कळलं त्या दिवशीही कामिनीला इतकं लागलं नव्हतं. तिला खिडकीतून उडी टाकून त्या पोरीचे दोन्ही हात धरावेसे वाटले. तू नको गं. तू तरी नको. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. तिने ताईला वाचवायलाच हात फिरवला होता, तेही कामिनीला दिसत होतं. सगळ्यांनी तसंच तर केलं होतं. प्रत्येकाने आपापल्या परीने वाचवलं होतं तिला.

कंडक्टरने घंटी दिली असावी, कारण मयुरी दचकली. तरी ती हलली नाही. मान वर करून, तळहात तसाच ठेवून ती उभी होती. ताईची मूठ वर जायची वाट बघत.

कामिनीने तिच्याकडे डोळे भरून बघितलं. आणि खोटी खूण आहे हे पुरतं कळत असूनही तिने मूठ वर केली.

पायाखालचा पत्रा थरथरला आणि गाडी सुरू झाली.